पिशवी काढली, हिशेब राहिला

जून २०१९ मध्ये विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला उत्तर देताना तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी बीड जिल्ह्याचा एक आकडा सभागृहापुढे ठेवला. तीन वर्षांच्या काळात तेथील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली होती. पुढे गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची वयोरचना सारखी नाही, तेव्हा ही तुलना काटेकोर म्हणता येणार नाही. पण सहातली एक आणि तेहेतिसातली एक यांमधील अंतर केवळ वयोरचनेने भरून निघणारे नव्हे.

आकडे जाहीर झाले, वर्तमानपत्रांत मथळे झळकले, राष्ट्रीय महिला आयोगाने शासनाला नोटीस धाडली. आणि मग सगळ्यांनीच असा समज करून घेतला की जे व्हायचे ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर होऊन गेले. बाई घरी आली, टाके सुटले, प्रकरण मिटले. वस्तुतः प्रकरण तेथे सुरू होते. तिशीत गर्भाशय गमावलेल्या स्त्रीच्या हृदयाचे पन्नाशीत काय होते, हा प्रश्न ना विधान परिषदेत विचारला गेला, ना सभांत, ना मोर्च्यांत. साखरेच्या राजकारणावर तासतासभर बोलणारे डावे वक्तेही त्याबाबतीत मुकेच राहिले.

ही शस्त्रक्रिया का होते, हे चळवळीतल्या वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो, आणि एका दिवसाचा खाडा पडला की त्या उचलीत दंडाची भर पडते. पाळीच्या चार दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही. तशातच डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. अंगावरून जाते म्हणून बाई तालुक्याच्या दवाखान्यात गेली की सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवून ‘पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते. दोन लेकरे झालेली असतात. ‘आता पिशवीचे काय काम?’ असे डॉक्टर म्हणतो, सासू म्हणते, मुकादम म्हणतो आणि शेवटी ती स्वतःही म्हणू लागते. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल; ती फेडण्यासाठी पुन्हा फड. या साखळीत बळजबरी कोणी केली असे विचारले तर बोट दाखवायला एकही माणूस सापडत नाही, हेच तर तिचे कौशल्य आहे.

पिशवीचे काम संपले, ही समजूतच मुळात खोटी आहे. स्त्रीच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचीक राखणे, रक्तातील अपायकारक मेद आटोक्यात ठेवणे ही कामे इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव करतो आणि तो बीजांडकोशांत तयार होतो. पाळी चालू असलेल्या वयात पुरुषांच्या मानाने स्त्रियांना हृदयविकाराचे झटके कमी येतात, त्याचे एक मोठे कारण हे. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढून टाकले तर तिशीतल्या बाईचे शरीर एका दिवसात पन्नाशी ओलांडते. ते जागेवर ठेवले तरी ती सुरक्षित राहते असे नाही. बीजांडकोशांना मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग गर्भाशयाच्या रोहिणीकडून येतो. गर्भाशय काढताना ती वाट तुटते, आणि अशा पुष्कळ स्त्रियांचे बीजांडकोश नैसर्गिक वेळेच्या काही वर्षे आधीच थंडावतात. पाळी तर शस्त्रक्रियेनेच थांबलेली असते. त्यामुळे आतले हे दुसरे थांबणे कधी झाले ते तिला कळतही नाही.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या हृदयरोगाच्या पाहणीने १९७० च्या दशकाच्या अखेरीसच सांगितले होते की पाळी नैसर्गिक रीतीने थांबो वा शस्त्रक्रियेने, ती थांबल्यावर स्त्रियांचा हृदयविकाराचा धोका वाढतो. २००९ मध्ये सुमारे २९,००० अमेरिकन परिचारिकांच्या २४ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोश काढलेल्यांत, ते राखलेल्यांच्या तुलनेत, हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराचा धोका सतरा टक्क्यांनी अधिक होता. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटातील एका परगण्यातील नोंदींवरून २०१८ मध्ये जे मांडले ते तर बीड-परभणीच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे आहे. बीजांडकोश शाबूत ठेवून केवळ गर्भाशय काढलेल्या २,०९४ स्त्रिया त्यांनी तेवढ्याच वयाच्या इतर स्त्रियांशी ताडून पाहिल्या. पाठपुरावा सरासरी बावीस वर्षांचा होता. पस्तिशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत रोहिणीविकाराचा धोका अडीच पट आणि हृदय निकामी होत जाण्याचा धोका साडेचार पटींहून अधिक आढळला. वय जितके कोवळे तितके नुकसान मोठे. आणि राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडे ही शस्त्रक्रिया होण्याचे मध्यक वय चौतीस आहे!

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. ज्या स्त्रियांची गर्भाशये काढली जातात त्यांच्यात लठ्ठपणा, रक्तदाब यांचे प्रमाण आधीपासूनच अधिक असते. तो भाग वजा केल्यास फरक पुष्कळसा ओसरतो, असे काही अमेरिकन अभ्यासांनी दाखविले आहे. हे खरे आहे. मात्र मेयोच्या अभ्यासात आधीच्या वीस जुनाट आजारांचा हिशेब वजा केला होता, तरीही तरुण वयातील शस्त्रक्रियेचा धोका उरलाच. पण वादासाठी आक्षेप संपूर्ण मान्य केला, तरी त्यातून काय सिद्ध होते? धोका शस्त्रक्रियेने आला की आधीपासून होता, हा पंडितांचा विषय आहे. शस्त्रक्रिया झालेली बाई हृदयाच्या दृष्टीने जोखमीची आहे, एवढे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते. आणि तिच्याकडे लक्ष ठेवण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

शिवाय मिनेसोटाची बाई आणि मराठवाड्याची बाई यांत फरक आहे, तो आपल्या बाईच्या विरुद्ध जाणारा आहे. हिच्या अंगात रक्त कमी, हिच्या चुलीचा धूर हिच्याच छातीत, सकाळी दातांना मिश्री (आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, हे शहरी डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही), आणि कोयत्याची अर्धी मजुरी हिच्या अंगमेहनतीची. पन्नाशीत धाप लागू लागली, पाठ-जबडा दुखू लागला, पायऱ्या चढवेनात, की त्याला पित्त म्हणतात, गॅस म्हणतात, ‘पिशवी काढल्यापासून अशक्तपणा आहे’ म्हणतात. स्त्रियांचा हृदयविकार अनेकदा छातीत कळ न येता याच वाटेने येतो. घरातल्या पुरुषाला कळ आली की गाडी परभणीला निघते. बाईला सोड्याचे पाणी मिळते.

आता हा सारा खर्च कोणाच्या वहीत लिहिला जातो ते पाहावे. साखर कारखान्याच्या ताळेबंदात गाळपयंत्राचा घसारा दरवर्षी लिहिला जातो. यंत्र झिजते, ते बदलावे लागणार, म्हणून उत्पन्नातून रक्कम बाजूला काढणे हा हिशेबशास्त्राचा पहिला पाठ आहे. ऊस तोडणाऱ्या शरीराचा घसारा मात्र कोणत्याच वहीत नाही. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या रास्त व किफायतशीर दरातून वजा होतो, मजुरी मुकादमामार्फत टनावर चुकती होते, कारखान्याच्या लेखी ही बाई कामगारच नसते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण ती मजुरीतली वाढ आहे. मजुरी आजच्या श्रमाची किंमत चुकविते. वीस वर्षांनंतर निकामी होणाऱ्या हृदयाची किंमत तीत धरलेली नाही, आणि टनाच्या दराने ती कधी धरताही येणार नाही.

कार्ल विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला आणि त्यात मनुष्यरूपी उत्पादनघटकाच्या हानीला स्वतंत्र प्रकरण दिले. उद्योग आपल्या खर्चाचा काही भाग तिऱ्हाइतावर ढकलतो आणि मग आपण किफायतशीर आहोत असे मिरवतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. विद्यापीठांत हा ग्रंथ आता कोणी वाचत नाही. तेथे बाजारपेठेच्या कार्यक्षमतेची गणिते शिकवितात. साखरेच्या बाबतीत ते तिऱ्हाईत म्हणजे पन्नाशीतली बाई, तिची सून आणि सरकारी दवाखाना. खर्च नाहीसा झालेला नसतो. तो केवळ वीस वर्षे पुढे आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलेला असतो.

उशिरा उगवणाऱ्या रोगाची जबाबदारी ठरविता येत नाही, असा एक बचाव कारखानदारांचे वकील करतील. तो टिकणारा नाही. दगडखाणीतल्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तरीही तो रोग व्यवसायजन्य म्हणून कायद्याच्या अनुसूचीत आला आणि त्याची भरपाई मागता येते. अर्थात धुळीचा संबंध थेट आहे आणि येथे मध्ये डॉक्टरची सुरी आहे, हा फरक नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच एकेका बाईने कारखान्याविरुद्ध दावा लावावा असे येथे सुचवायचे नाही. ती लढाई ती हरेल. कारखान्यांकडून गाळपाच्या टनावर वर्गणी घेऊन ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ उभे आहे, त्याला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले आहे. त्या निधीवर पहिला हक्क या झिजलेल्या शरीरांचा आहे, हे मात्र ठणकावून सांगितले पाहिजे.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी आवश्यक ठरली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तिच्या निमित्ताने केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि ५ एप्रिल २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती तीन महिन्यांत अमलात आणण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या, चाळिशीच्या आतील शस्त्रक्रियांची तपासणी, या तरतुदी चांगल्याच आहेत. परंतु हे सगळे पहारे शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभे आहेत. जी आत जाऊन बाहेर आली, तिच्यासाठी रस्त्यात कोणीही उभे नाही. बीडच्या पाहणीत मोजल्या गेलेल्या त्या १३,८६१ जणींचे रक्तदाब आज किती आहेत?

आणि प्रश्न बीडपुरता नाही, ऊसतोडीपुरताही नाही. बीडमधील ४,६०५ स्त्रियांत सर्वच ऊसतोडीच्या नव्हत्या. गंगाखेड, सोनपेठ हे परभणीचे तालुके परळीला लागून आहेत. मुकादमाची गाडी जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारखे गाव घ्यावे. कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, रोजाने निंदायला जाणारी बाई येथेही त्याच अंगावरून जाण्याने, त्याच ‘कॅन्सर होईल’च्या भीतीने, तशाच शहरी दवाखान्यात जाते. तिच्यामागे मुकादम नसतो एवढेच. रोज बुडण्याची धास्ती तीच असते. बीडला समिती गेली आणि मोजणी झाली. पिंगळीची बाई मोजायची असेल तर ती गावातच मोजावी लागेल, आणि त्यासाठी विधान परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोजणीचे साधन शासनाकडे आधीच आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीचा रक्तदाब व साखर तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यासाठी आशा कार्यकर्ती घरोघर एक तक्ता भरते. त्या तक्त्यात जोखमीचे गुण द्यायचे असतात. वयाला गुण आहेत, तंबाखूला आहेत, दारूला, कंबरेच्या घेराला, हालचालीच्या अभावाला आणि कुटुंबातील रोगाला आहेत. पस्तिशीच्या आत गर्भाशय काढल्याला एकही गुण नाही! एकतीस वर्षांची, सडपातळ, दिवसभर राबणारी, दारू न पिणारी, पण पिशवी आणि बीजांडकोश गमावलेली बाई या तक्त्यात जवळजवळ निर्धोक ठरते. तक्ता बनविणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शहरातला पोट सुटलेला पुरुष होता, हे त्या कागदावर स्वच्छ उमटले आहे.

दुसरी गोष्ट रुग्णालयाच्या कागदाची. शस्त्रक्रिया झालेल्या पुष्कळ स्त्रियांना आपले बीजांडकोश ठेवले की काढले हे ठाऊक नसते, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिणे सर्व रुग्णालयांवर बंधनकारक करायला एक पैसा लागत नाही. दोन्ही काढले असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर नैसर्गिक रीतीने पाळी थांबण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याचा विचार व्हावा, असे जगभरच्या वैद्यकीय संस्था सांगतात. ते सर्वांना चालत नाही. स्तनाचा कर्करोग वा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना तर नाहीच, म्हणून निर्णय डॉक्टरांचाच. पण आपल्याकडे बहुतेकींच्या बाबतीत निर्णय होतच नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली तेव्हापासून डॉक्टर हे औषध लिहायला बिचकतात. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. त्रेसष्टीचा धडा तिशीला लावण्यात शास्त्र नाही.

या शस्त्रक्रियेविरुद्ध मोहीम उघडावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. गाठींनी, न थांबणाऱ्या रक्तस्रावाने, खऱ्या कर्करोगाने गांजलेल्या बाईला ती जीवदान देते. आणि जिची झाली आहे तिला घाबरवून सोडणे तर पापच ठरेल. रक्तदाब, साखर, रक्तातील मेद यांवर उपाय आहेत, त्यांच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि सरकारी केंद्रांत फुकट मिळायला हव्यात. झटका आल्यावर महात्मा फुले योजनेतून रोहिणीत जाळी बसविण्यासाठी शासन खाजगी रुग्णालयाला हजारो रुपये मोजते. त्याआधीची वीस वर्षे नियमित गोळी देण्याची व्यवस्था मात्र लावत नाही. येथेही पैसा शेवटी ज्यांनी पिशवी काढली त्याच वर्गाच्या रुग्णालयांकडे जातो, हा योगायोग पाहण्यासारखा आहे.

हा विषय महिला आघाडीकडे सोपवून मोकळे होण्याची सवय पक्षाच्या शाखांनी सोडावी. ऊसतोडीच्या दराची बोलणी होतात तेव्हा बाईच्या शरीराचा मुद्दा टेबलावर का येत नाही? कारण बोलणी करायला बसलेले सारे पुरुष असतात आणि पिशवीचा उच्चार त्यांना अवघड वाटतो. २०१६ ते २०१९ मध्ये ज्या तिशीत होत्या त्या आज चाळिशीकडे सरकल्या आहेत किंवा चाळिशीत आहेत. मेयोच्या नोंदींचा अंदाज धरला तर त्यांच्या हृदयाचे खरे दुखणे २०३५ ते २०४० च्या सुमारास उघडे पडेल. म्हणजे अजून दहा-पंधरा वर्षे हातात आहेत. रोगाबाबत इतकी आगाऊ सूचना क्वचितच मिळते.

परभणी तालुक्यातील कार्यकर्त्यांना पिंगळीपासून आरंभ करता येईल. गावची आशा, अंगणवाडी सेविका आणि बचत गटातील दोन जाणत्या बाया यांना बरोबर घेऊन पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेल्यांची यादी करावी. ती बायांनीच करावी, पुरुष कार्यकर्त्यांनी ओसरीवरच थांबावे. आणि यादी आरोग्य केंद्रातच राहावी, चावडीवर तिची चर्चा होऊ नये. प्रत्येकीचा जुना कागद शोधावा, नसेल तर रुग्णालयाकडून लेखी मागावा. वर्षातून दोनदा रक्तदाब, एकदा साखर आणि रक्तातील मेद तपासून घ्यावेत. जी तोडीला जाते तिची पहिली तपासणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, ट्रक निघण्यापूर्वी व्हावी, आणि गोळी सुरू असेल तर सहा महिन्यांच्या गोळ्या तिच्या गाठोड्यात बांधून द्याव्यात. फडावर त्या मिळणार नाहीत. आशाच्या तक्त्यात एक ओळ वाढविण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी. ओळ एवढीच: ‘गर्भाशय काढले आहे काय? कोणत्या वयात? बीजांडकोश ठेवले आहेत काय?’